आजीचा टॉपर

आपल्या कॉलेजात 'टॉपर' म्हटलं की एकच प्राणी डोळ्यांसमोर येतो. पहिल्या बेंचवर बसणारा आणि सबमिशनच्या आदल्या रात्री ज्याच्या खोलीबाहेर झेरॉक्ससाठी रांग लागते तो! मी त्या जमातीतला नाही, हे माझी मार्कशीट पाहिलेल्या कोणालाही वेगळं सांगायला नको. तरीसुद्धा गेल्या वर्षभरात मी टॉपर या विषयावर जेवढा अभ्यास केला तेवढा थर्मोडायनॅमिक्सचा केला असता तर केटी लागली नसती. हा टॉपर वेगळा. गादीवर पसरायचा दोन-तीन इंच जाडीचा थर, त्याला बाजारात टॉपर म्हणतात. पूर्वीची माणसं गादीवर जाड गोधडी टाकायची, त्याचीच ही सुधारून वाढवलेली आवृत्ती.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल की आपण हॉस्टेलच्या लोखंडी कॉटवर दोन इंची गादी टाकून घोरतो, आपल्याला याचं काय? खरं आहे. विशीतल्या माणसाला कॅन्टीनच्या बाकावरसुद्धा झोप लागते. पण घरी आई-वडील आहेत, आजी-आजोबा आहेत, आणि आपल्या स्टाफमधल्या बऱ्याच जणांकडेही पाठदुखीवाली वडीलधारी माणसं आहेत. शिवाय पहिला स्टायपेंड किंवा पहिला पगार हातात आला की घरच्यांसाठी काहीतरी घ्यावंसं वाटतंच. मीही तेच केलं, आणि कसं चुकलो ते आधी सांगतो.

आमची आजी ७४ वर्षांची, वजन ४८ किलो. कराडजवळच्या आमच्या गावी राहते. उमेदीची सगळी वर्षं भांगलणीत आणि पाणी वाहण्यात गेली, त्यामुळे कंबर कामातून गेलेली. सकाळी उठली की पाऊणएक तास वाकूनच चालायची. दुसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत मी एका वर्कशॉपमध्ये इंटर्नशिप केली आणि मिळालेल्या पैशांतले साडेचार हजार घालून ऑनलाइन एक तीन इंची मेमरी फोमचा टॉपर मागवला. जाहिरातीत 'ऑर्थोपेडिक' लिहिलेलं होतं, एक हसरे आजोबा होते आणि पाठीच्या मणक्याचं निळं चित्र होतं. आणखी काय पाहिजे!

दिवाळीत तो आजीच्या गादीवर अंथरला. हात दाबला की पंजाचा ठसा उमटायचा आणि हळूहळू भरून यायचा. गल्लीतली पोरं तासभर ठसे उमटवत बसली. पहिल्या रात्री आजी खूश. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर आजी खाली, सतरंजीवर!

"आरं बाळा, चिखलात म्हस रुतल्यागत हुतंय त्यात. कूस पालटाय येत न्हाई," ती म्हणाली. मला वाटलं, सवय नाही, होईल. म्हणून आग्रह करून पुन्हा वर झोपवलं. पाचव्या रात्री ती लघवीला उठली, कॉटच्या कडेला बसली, कडेचा फोम बसल्याबरोबर पुढे घसरली. हाताला कपाटाचा दांडा लागला म्हणून वाचली. आवाजाने आम्ही सगळे उठलो. आजी हसत होती, पण वडिलांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. ७४ वर्षांच्या बाईचं खुब्याचं हाड मोडणं म्हणजे काय, हे आमच्या शेजारच्या घरात आम्ही पाहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी टॉपर गुंडाळून माळ्यावर गेला आणि आजी हाडांच्या डॉक्टरांकडे. खरं तर हा क्रम उलटा पाहिजे होता. एक्स-रे झाला, हाडांची घनता मोजायची तपासणी झाली. मणक्यांची वयाप्रमाणे झीज होती आणि हाडं ठिसूळ झालेली होती. नवीन फ्रॅक्चर नव्हतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, व्यायामासाठी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. मी टॉपरचा विषय काढल्यावर ते म्हणाले, "गादी बदलून झीज भरून येत नाही. पण रात्रीचे सात-आठ तास नीट गेले तर दिवस बरा जातो. एवढीच अपेक्षा ठेवून घ्या."

त्यांनी आणखी एक गोष्ट बजावून सांगितली, ती इथे मुद्दाम देतो. वयस्कर माणसाची पाठ पडल्यानंतर किंवा साधं ओझं उचलल्यावर अचानक दुखू लागली, दुखण्याबरोबर ताप असेल, वजन विनाकारण उतरत असेल, पूर्वी कॅन्सर झालेला असेल, झोपून राहिलं तरी दुखणं हटत नसेल, पायातली ताकद कमी होत असेल, तर गादीच्या दुकानात जायचं नाही, आधी डॉक्टर. आणि लघवी-संडासवरचा ताबा सुटला किंवा मांड्यांच्या मधल्या भागाला बधिरपणा आला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल.

आता आपल्या विषयाकडे. मी जे केलं ते का फसलं, हे समजायला दुसऱ्या वर्षाचं स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स पुरेसं आहे. (त्या वर्षी ते समजलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.)

टॉपर आणि खालची गादी म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन स्प्रिंगा, सिरीजमध्ये. दोन्हींतून भार तोच जातो आणि दोन्हींचं दबणं एकमेकांत मिळवलं जातं. टॉपर भार थोडा पसरवतो, पण खालच्या गादीला जो कायमचा खड्डा पडलाय, ज्याला आपण परमनंट सेट म्हणतो, तो वजा करू शकत नाही. खड्डा तसाच वर येतो. आजीची कापसाची गादी बारा वर्षांची, मधोमध बसलेली. तिच्याखालची कॉट लोखंडी, तिच्या पट्ट्यासुद्धा झोळीसारख्या झालेल्या. मी नंतर डोक्यापासून पायापर्यंत गादीवर दोरी ताणून धरली आणि पट्टीने मोजलं, तर मध्ये दोन इंच खोली भरली! त्या खड्ड्यावर मी तीन इंचांचा मऊ थर टाकला होता. म्हणजे रस्त्यातल्या खड्ड्यावर गालिचा अंथरण्यासारखंच झालं.

म्हणून टॉपर घेण्याआधी ही दोरीची चाचणी नक्की करा. पाच मिनिटांचं काम आहे. माझा नियम असा, की एक इंचापेक्षा जास्त खोल निघालं तर पैसे वर घालायचे नाहीत, आधी खालचं दुरुस्त करायचं. खालचा बिछाना सपाट आणि घट्ट आहे पण टोचतो, अशा वेळीच टॉपरचा खरा उपयोग होतो.

टोचतो म्हणजे काय? दाब म्हणजे भार भागिले क्षेत्रफळ. आजीचं वजन ४८ किलो, म्हणजे सुमारे ४७० न्यूटन. कडक फरशीवर ती कुशीवर झोपली तर शरीर खांदा, खुबा, गुडघा अशा थोड्याच ठिकाणी टेकतं. समजा एकूण ०.०८ चौरस मीटर. सरासरी दाब आला ५.९ किलोपास्कल, म्हणजे पाऱ्याचे ४४ मिलिमीटर. तोच बिछाना अंगाच्या वळणाप्रमाणे थोडा दबला आणि टेकणारं क्षेत्रफळ ०.२५ झालं, तर दाब १४ मिलिमीटरवर येतो. क्षेत्रफळाचे आकडे मी अंदाजाने धरलेत आणि ही सरासरी आहे, प्रत्यक्ष हाडाच्या टोकावर दाब याहून पुष्कळ जास्त असतो. पण पुस्तकांत केशवाहिन्यांमधल्या रक्तदाबाचा आकडा परंपरेने ३२ मिलिमीटर देतात, त्याच्या शेजारी हे दोन आकडे ठेवून बघा. दाब वाढला की त्या जागेचा रक्तपुरवठा अडतो, ती जागा दुखू लागते आणि माणूस कूस बदलतो. तरुणपणी हाडावर स्नायू आणि चरबी असते, निसर्गाने दिलेला टॉपरच तो! म्हातारपणी तो झिजतो. आपण फळीवर झोपू शकतो आणि आजी का नाही, याचं उत्तर एवढंच.

पण मग मऊ तितकं चांगलं असं का नाही? कारण शरीर म्हणजे सारख्या वजनाचा दांडा नव्हे. धड आणि कंबरेचा भाग जड, पाय हलके. फार मऊ थरात कंबर सगळ्यात जास्त बुडते आणि पाठीचा कणा झोपाळ्याच्या दोरीसारखा वाकतो. रात्रभर तसाच. सकाळी कण्याभोवतीचे स्नायू आणि सांधे तक्रार करणारच.

आमच्या घरात याच्या उलट मताचाही पक्ष होता. "पाठ दुखते ना, मग जमिनीवर झोपव, सरळ राहते," असं वडील आणि निम्मं गाव म्हणायचं. जुन्या काळी डॉक्टरही फळीवर झोपायला सांगत. यावर एक चांगला अभ्यास झालेला आहे. स्पेनमध्ये फ्रान्सिस्को कोव्हाक्स आणि सहकाऱ्यांनी कंबरदुखी असलेल्या ३१३ प्रौढांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं. एका गटाला कडक गादी दिली, दुसऱ्याला मध्यम कडक. ९० दिवसांनी मध्यम कडक गादीवाल्यांचा बिछान्यातला त्रास, उठतानाचा त्रास आणि दिवसभरातली अडचण, तिन्ही जास्त कमी झालेलं दिसलं. २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला. युरोपातल्या मोजपट्टीवर १ म्हणजे सर्वांत कडक आणि १० म्हणजे सर्वांत मऊ. त्यांच्या कडक गादीचा आकडा होता २.३ आणि मध्यमचा ५.६. म्हणजे मध्यम म्हणजे खरंच मधली, जाहिरातीतली ढगासारखी नव्हे. एक मात्र लक्षात ठेवायचं, हा अभ्यास पूर्ण गादीवरचा आहे, टॉपरवरचा नाही. दिशा दाखवायला पुरेसा आहे, एवढंच मी म्हणेन.

आणि जमिनीचं म्हणाल तर आजी दोन रात्री सतरंजीवर सुखाने झोपली ती पाठ सरळ राहिली म्हणून नव्हे. तिला तिथे कूस बदलता येत होती म्हणून! तिसऱ्या दिवशी खुबा दुखायला लागला, आणि जमिनीवरून उठताना तिला दोघांचा आधार लागायचा. रात्री एकटीने उठायचं असेल तर जमीन हा उपाय नाही.

हे कूस बदलणं आणि उठणं मी आधी लक्षातच घेतलं नव्हतं. पाठ कशी टेकते याचाच विचार केला. पण वयस्कर माणसाच्या दंडात आणि पोटात ताकद कमी असते. मऊ फोममध्ये कोपर रोवला तर कोपरच आत जातो, टेकू मिळत नाही. वळायचं म्हणजे प्रत्येक वेळी खड्ड्यातून चढून बाहेर यायचं. त्यामुळे माणूस एकाच कुशीवर आखडून पडून राहतो, आणि तासन्‌तास एका स्थितीत राहणं हेच तर पाठीला नको असतं.

मेमरी फोमची गंमत (आणि गोम) इथेच आहे. हा फोम १९६६ साली अमेरिकेत नासाच्या कामासाठी शोधला गेला, विमानातल्या सीटवर बसणाऱ्याला धक्क्यापासून वाचवायला. तो व्हिस्कोइलॅस्टिक आहे, म्हणजे स्प्रिंगेच्या जोडीला डॅशपॉट, आपल्या शॉक ॲब्सॉर्बरसारखा. हळू दाबला की सावकाश दबतो, दाब काढला की सावकाश परत येतो. शिवाय तो तापमानाप्रमाणे बदलतो. अंगाच्या उबेने मऊ होतो, थंडीत कडक होतो. आमच्याकडे रात्री आजी झोपायला जायची तेव्हा तो फळीसारखा असायचा, मध्यरात्री तिच्याखालचा भाग ऊब लागून मऊ आणि आजूबाजूचा कडक. म्हणजे अंगाच्या मापाचा साचाच तयार! तिची म्हशीची उपमा इंजिनिअरिंगच्या दृष्टीने अगदी अचूक होती. उन्हाळ्यात तो गरमही होतो, अंगाखाली घाम साचतो. ज्यांना स्वतः सहज वळता येतं, ज्यांचे सांधे फार हुळहुळे आहेत, त्यांना दोन इंची, चांगल्या घनतेचा मेमरी फोम मानवू शकतो. मी त्याला सरसकट वाईट म्हणत नाही. पण उठायला त्रास होणाऱ्या माणसासाठी मी पुन्हा घेणार नाही.

दुसरा पर्याय लॅटेक्स, म्हणजे रबराच्या चिकाचा फेस भाजून केलेला. डनलप कंपनीत १९२९ च्या सुमारास ही पद्धत निघाली. आपल्याकडची मागची पिढी कुठल्याही फोमला 'डनलपची गादी' म्हणायची ती त्यामुळेच. लॅटेक्स दाबला की लगेच उसळून परत येतो. त्यामुळे त्यात रुतल्यासारखं होत नाही, वळताना तो उलट मदत करतो, आणि थंडीत मेमरी फोमसारखा दगड होत नाही. तोटे म्हणाल तर महाग, वजनाला जड (चादर बदलताना म्हाताऱ्या माणसाला तो उचलायला लावू नका), आणि कोणाला रबराची ॲलर्जी असेल तर नकोच. नैसर्गिक, मिश्र आणि पूर्ण कृत्रिम असे प्रकार मिळतात, दुकानदाराला स्पष्ट विचारावं.

साधा पॉलियुरेथेन फोम, त्यातही जास्त उसळी असलेला 'एच.आर.' फोम, बजेट कमी असेल तर वाईट नाही. काथ्याचा थर टॉपर म्हणून नको, तो खालच्या गादीसाठी ठीक. पॉलिस्टर फायबरच्या फुगीर रजया महिन्याभरात चपट्या होतात. आणि कापूस? त्याच्याकडे येतोच.

आता विकत घेताना फसायचं कसं नाही ते. दुकानात आणि जाहिरातीत '४० डेन्सिटी', '५० डेन्सिटी' असे आकडे फेकले जातात. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरचं वजन, किलोत. पण हा आकडा कडकपणाचा नव्हे! घनता टिकाऊपणा सांगते. कडकपणाचं माप वेगळं, त्याला आय.एल.डी. म्हणतात. चार इंच जाडीचा नमुना आठ इंच व्यासाच्या तबकडीने एक इंच, म्हणजे २५ टक्के दाबायला किती पाउंड जोर लागतो तो आकडा. जोर ३० पाउंड लागला तर आय.एल.डी. ३०. आपल्याकडे विक्रेत्याला हा आकडा विचारला की तो बहुतेक वेळा चहा मागवतो आणि विषय बदलतो. तेव्हा घरगुती उपाय: आठ इंची स्टीलचा डबा पालथा ठेवून त्यावर १३-१४ किलोची पाण्याची बादली ठेवा आणि किती दबलं ते पट्टीने मोजा. हे प्रयोगशाळेतलं माप नाही, पण सारख्या जाडीच्या दोन टॉपरांची तुलना झकास होते. दुकानदार विचित्र नजरेने बघतो, बघू द्या.

घनता तपासायला तर फक्त सामान मोजायचा हुकाचा वजनकाटा लागतो. ७२ बाय ३६ इंचांचा दोन इंची टॉपर म्हणजे साधारण ०.०८५ घनमीटर. ५० डेन्सिटी खरी असेल तर वजन सव्वाचार किलो भरलं पाहिजे, ४० असेल तर ३.४, आणि २८ असेल तर फक्त २.४. मी माळ्यावरून आजीचा तीन इंची टॉपर काढला आणि काट्याला लटकवला. लेबलवर '५० डेन्सिटी'. म्हणजे सुमारे ६.४ किलो हवं. काट्यावर कव्हरसकट ४.१ भरलं. भागाकार केला, ३२! साडेचार हजारांचं दुःख त्या दिवशी खरं झालं. परत घ्यायची मुदत केव्हाच टळून गेलेली. पार्सल आल्याच्या दिवशी वजन केलं असतं तर एवढा खुलासा तेव्हाच झाला असता. आणि 'ऑर्थोपेडिक' शब्दाबद्दल म्हणाल तर तो विकणाऱ्याचा शब्द आहे, तुमच्या आजीला तपासून कोणी लिहिलेला नाही.

जाडी किती घ्यायची? हलक्या माणसाला दोन इंच बहुधा पुरतात. वजनदार माणसाखाली दोन इंची मऊ थर पूर्ण चेपला जाऊन खालचं कडक लागतं. यासाठी हाताची चाचणी: माणूस झोपलेला असताना टॉपर आणि गादीच्या मध्ये, खुब्याच्या बरोबर खाली, तळवा वर करून हात सरकवायचा. वरचं हाड हाताला थेट जाणवलं तर तो थर कामाचा नाही. निदान इंचभर न चेपलेला फोम मध्ये लागला पाहिजे.

पण प्रत्येक जादा इंच कॉटची उंची वाढवतो, आणि आमचा अपघात तिथेच झाला. कॉट १४ इंच, गादी ३, टॉपर ३, एकूण २०. आजीचं टाचेपासून गुडघ्याच्या मागपर्यंतचं माप १६ इंच. म्हणजे कडेला बसल्यावर तिचे पाय अधांतरी! त्यात कड दबणारी. बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे काटकोनात आले पाहिजेत. आजही मला आश्चर्य वाटतं की मशीन डिझाइनच्या असाइनमेंटमध्ये मिलिमीटरसाठी भांडणाऱ्या मला हे मोजावंसं वाटलं नाही.

तर शेवटी काय केलं? गादीचं दुकान असलेले एक चाचा आमच्या वडिलांच्या ओळखीचे. त्यांनी गादीवरून नुसता हात फिरवला आणि म्हणाले, "कापूस मेलेला न्हाई, दबलाय. पिंजून परत भरतो. नवीन कशाला घेता?" जुना कापूस पिंजून, थोडा नवीन घालून, जवळजवळ टाके मारून त्यांनी सपाट, घट्ट गादी करून दिली. कॉटच्या पट्ट्यांवर १२ मिलिमीटरचं प्लायवूड टाकलं. वेल्डिंगवाल्याकडून कॉटचे चारही पाय दोन इंच कापून रबरी टोप्या बसवल्या. (वडील म्हणाले, "चार वर्षं इंजिनिअरिंग शिकून कॉटचे पाय कापलेस!") वर दोन इंची मध्यम लॅटेक्सचा टॉपर, चार कोपऱ्यांना इलॅस्टिकच्या पट्ट्या असलेला, म्हणजे तो सरकत नाही. हिशेब असा: कॉट १२, प्लाय अर्धा, गादी ३, टॉपर २, साडेसतरा. बसल्यावर दीडेक इंच दबतं, झालं सोळा!

कव्हरच्या बाबतीत एक बारीक गोष्ट. लघवीची भीती म्हणून लोक जाड प्लॅस्टिक ताणून घालतात. त्याने घाम येतो, ते करकरतं आणि ताणलेल्या कापडामुळे फोमला अंगाचा आकारच घेता येत नाही, सगळा खर्च वाया. पातळ, ताणणारं जलरोधक कव्हर मिळतं, तेच घ्यावं. आणि कापसाच्या गादीला ऊन दाखवतात तसं फोमला किंवा लॅटेक्सला भर उन्हात टाकू नका, उन्हाने ते पिवळे पडून चुरा होतात. सावलीत वारा द्यायचा. नवीन फोमला वास येतो, तोही दोन-तीन दिवस असाच सावलीत पसरून ठेवला की जातो.

फिजिओथेरपिस्ट ताईंनी आजीला उठायची पद्धतही शिकवली: सरळ उठून बसायचं नाही, आधी अख्खं अंग एकदम कुशीवर वळवायचं, पाय कडेवरून खाली सोडायचे आणि कोपरावर जोर देऊन बसतं व्हायचं. कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, उताणं झोपताना गुडघ्यांखाली. ही उशी फुकट आहे आणि तिचा फायदा आजीला पहिल्याच रात्री कळला. टॉपर घ्यायच्या आधी आठवडाभर हे करून बघा, कदाचित टॉपर लागणारही नाही.

मी तीन आठवडे वहीत नोंदी ठेवल्या. पूर्वी सकाळचं दुखणं आजीच्या मते दहापैकी सात, ताठ उभं राहायला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, रात्री चार वेळा जाग. तिसऱ्या आठवड्यात दुखणं चार ते पाच, वेळ वीस मिनिटं, जाग दोनदा. यातलं टॉपरमुळे किती, गोळ्यांमुळे किती आणि व्यायामामुळे किती, हे मला सांगता येणार नाही, सगळं एकाच महिन्यात सुरू झालं. कंट्रोल ग्रुप नव्हता, आजी एकच आहे. पण ती पुन्हा सतरंजीवर गेली नाही, आणि कपाटाच्या दांड्याला हात न लावता उठते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

एक सूचना. जी माणसं अंथरुणाला खिळलेली आहेत, स्वतः वळूच शकत नाहीत, त्यांना यातलं काहीही पुरणार नाही. त्यांना हवेची गादी, वेळेवर कूस बदलून देणारं माणूस आणि रोज त्वचा तपासणं लागतं. तो विषय डॉक्टर आणि नर्सचा आहे.

आजीचा जुना मेमरी फोम आता हॉस्टेलवर माझ्या कॉटवर आहे. आय.एस.ओ. ड्रॉइंगची रात्र जागून आल्यावर त्यावर पडलं की खरंच ढगात गेल्यासारखं वाटतं. रूम पार्टनर त्यासाठी माझी असाइनमेंट उतरवून द्यायला तयार असतो. तो हुकाचा वजनकाटाही माझ्याकडेच आहे, सी विंग, दुसरा मजला. घरच्यांसाठी टॉपर घेणार असाल तर दोन दिवसांसाठी घेऊन जा. मागच्या वेळी कोणीतरी मेसमधले बटाटे मोजून ओला करून परत दिला, तेवढं करू नका.